घाटात कोण फॉर्मात आहे, हे ओळखायचं कसं?

जुलैमध्ये टूर द फ्रान्स सुरू झाली की नाशिकच्या सायकल ग्रुपवर रात्री नऊनंतर भांडणं लागतात. तिकडे टप्पा संध्याकाळी पाच-साडेपाचला संपतो, म्हणजे आपल्याकडे साडेआठ-नऊ. जेवणाची ताटं उचलायच्या आत निकाल जाहीर होतात: ‘विंगेगॉर संपला’, ‘पोगाचार यंदा कुणाला ऐकत नाही’. (हे दोघं टूरचे मोठे दावेदार.) पहाटे त्र्यंबक रोडवर चहाच्या टपरीपाशी तोच वाद पुढे चालू असतो. त्याच रात्री पुढचा टप्पा होतो आणि तीच माणसं नेमकं उलटं बोलायला लागतात.

दोष माणसांचा नाही, पुराव्याचा आहे. घाटातला एक निकाल बघून फॉर्म ठरवला की फसगत ठरलेली. तीन आठवड्यांच्या शर्यतीत क्लाइंबर, म्हणजे घाट चढण्यात तरबेज रायडर, किती फॉर्मात आहे, हे त्याच्या सर्वांत चांगल्या दिवसापेक्षा सर्वांत वाईट दिवस जास्त खरं सांगतो. हे कसं, ते आकड्यांनिशी बघू. गणित सातवी-आठवीतलंच आहे.

आधी शर्यतीचा हिशेब. नाशिकला लांब पल्ल्याची सायकल नवी नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पुरी केली. तिथे घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, डुलकी काढली तरी वेळ मोजला जातो. टूर, इटलीची जिरो, स्पेनची व्हुएल्टा या शर्यतींत मात्र २१ टप्पे असतात, घड्याळ रोज संध्याकाळी थांबतं आणि शेवटी सगळ्या दिवसांच्या वेळांची बेरीज होते. सपाट टप्प्यावर शंभर-सव्वाशे जण एका घोळक्यात येतात आणि सगळ्यांना एकच वेळ मिळते. त्यामुळे तीन हजारांहून जास्त किलोमीटरची शर्यत प्रत्यक्षात पाच-सहा घाटांवर आणि टाइम ट्रायलवर, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध काढायच्या टप्प्यावर ठरते.

चारशे वॅट जातात कुठे?

समजा ६५ किलोचा क्लाइंबर आहे. सायकल, बूट, हेल्मेट, बाटली धरून आणखी ८ किलो. (सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली नसावं, असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे.) म्हणजे एकूण ७३ किलो. चढ ८ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर. हा माणूस तासाला १,८०० मीटर उंची चढतोय, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. रस्त्यावरचा वेग साडेबावीस किलोमीटर.

नुसतं वजन वर उचलायला ७३ × ९.८१ × ०.५ म्हणजे साधारण ३५८ वॅट लागतात. हवेला ४०च्या आसपास, टायरच्या घर्षणाला १८, साखळी आणि गिअरमध्ये आणखी ८-१०. बेरीज सुमारे ४२५ वॅट. त्याला ६५ ने भागलं की साडेसहा वॅट प्रति किलो. चाहते ज्या आकड्यावरून हमरीतुमरीवर येतात तो हाच.

यातला जवळजवळ पंच्याऐंशी टक्के खर्च वजन उचलण्यावर आहे. सपाटीवर ४५ च्या वेगाने एकटा जाताना याच माणसाची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. तिथे ८० किलोचा दणकट रायडर त्याला सहज मागे टाकतो. घाटात पारडं फिरतं. चाळीस मिनिटांच्या चढावर एक किलो कमी असलं तर २५ ते ३० सेकंद वाचतात. घाटाच्या पायथ्याशी रायडर अर्धी भरलेली बाटली टाकून देतात, ते उगाच नाही. पण ही बचत ताकद शाबूत ठेवून वजन उतरलं तरच पदरात पडते. शर्यतीच्या महिनाभर आधी घाईने वजन उतरवणारा रायडर पहिल्या आठवड्यात चमकतो आणि तिसऱ्या आठवड्यात कोसळतो, असं बरेचदा होतं. शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं आणि रात्रीची झीज भरून निघत नाही.

घड्याळ लावून घाट मोजायचा तो असा

वॅटचे खरे आकडे संघ क्वचितच बाहेर देतात. त्यामुळे बाहेरच्या माणसाला वेळेवरून उलटा हिशेब करावा लागतो. घाटाची लांबी आणि सरासरी चढ आधीच जाहीर असतो. त्यावरून उंची काढायची, तिला ६० ने गुणायचं आणि लागलेल्या मिनिटांनी भागायचं. हा झाला तासाला किती मीटर उंची चढला याचा आकडा. चाहते त्याला ‘व्हॅम’ म्हणतात. मग त्याला (२०० + १० × चढाची टक्केवारी) या संख्येने भागलं की वॅट प्रति किलोचा अंदाज मिळतो. ६ ते १० टक्क्यांच्या घाटांवर हा ठोकताळा बऱ्यापैकी चालतो.

उदाहरण घेऊ. १४ जुलै २०२४, टूरचा पंधरावा टप्पा, शेवट प्लातो द बेय या घाटमाथ्यावर. लांबी १५.८ किलोमीटर, सरासरी ७.९ टक्के, म्हणजे उंची सुमारे १,२५० मीटर. तादे पोगाचारला लागली पावणेचाळीस मिनिटांच्या आसपास. १,२५० × ६० ÷ ३९.७ म्हणजे जवळजवळ १,८९०. त्याला २७९ ने भागलं की ६.८ वॅट प्रति किलो. तुलनेला आपल्याकडचा नियमित सराव करणारा रायडर घ्या: ८ टक्क्यांच्या चढावर तो तासाला ९०० मीटर चढला तर आकडा ३.२ च्या घरात येतो, आणि क्लबात त्याच्याकडे आदरानेच बघतात.

आता या हिशेबात काय काय चुकतं ते. वादाची अर्धी मुळं इथेच आहेत.

वारा सगळ्यात लबाड. वरच्याच उदाहरणात पाठीवर ताशी सात किलोमीटरचा वारा आला, म्हणजे झाडाची पानं हलतील एवढाच, तरी हवेवरचा खर्च ४० वॅटवरून २० च्या खाली येतो. प्रति किलो ०.३ चा फरक. तोच वारा तोंडावर आला तर ३० वॅट जादा लागतात. बाहेरून मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. वळणावळणाच्या घाटात वारा कधी पुढून तर कधी मागून लागतो आणि फरक थोडाफार फिटतो. एकाच दिशेला सरळ जाणाऱ्या चढावर फिटत नाही. दोन वर्षांच्या वेळांची तुलना करताना प्रेक्षकांच्या हातातले झेंडे कुठल्या बाजूला फडफडतायत ते बघा. चेष्टा नाही, जाणकार खरंच बघतात.

घाट सुरू कुठून धरायचा, हा दुसरा घोळ. पायथ्याच्या गावातल्या चौकातून मोजलं तर एक वेळ, पुलापासून मोजलं तर दुसरी. पाचशे मीटरचा फरक म्हणजे दीड मिनिट. विक्रम मोडल्याची बातमी वाचली की आधी हे तपासायचं.

तिसरं म्हणजे सरासरीचा खेळ. कोल द ला लोझ हा घाट २०२३ च्या टूरमध्ये ज्या बाजूने चढले तिथून २८ किलोमीटर लांब आहे आणि सरासरी अवघी ६ टक्के. कागदावर मवाळ दिसतो. पण मध्ये सपाट आणि उताराचे तुकडे आहेत, आणि वरच्या काही किलोमीटरमध्ये चढ २० टक्क्यांच्या वर जातो. अशा घाटाला सरासरीचा ठोकताळा लावून काढलेला आकडा कचऱ्यात टाकायचा.

शिवाय उंची. या घाटाचा माथा २,३०४ मीटरवर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यापासूनही साडेसहाशे मीटर वर. तिथली हवा इतकी विरळ की तोच माणूस तोच जीव काढून कमी वॅट देतो. सवय नसेल तर आणखी कमी. म्हणून तर बहुतेक संघ शर्यतीआधी दोन-तीन आठवडे तेनेरीफच्या तेइदे ज्वालामुखीवर किंवा स्पेनच्या सिएरा नेवादात दोन हजार मीटरच्या वर मुक्काम ठोकतात.

एका गोष्टीची मात्र उगाच धास्ती घेतली जाते, ती वजनाची. रायडरचं जाहीर वजन ६६ आणि खरं ६४ असलं तर एकूण वॅटचा अंदाज चुकतो, पण वॅट प्रति किलो फारसा हलत नाही, कारण वरखाली दोन्हीकडे तेच वजन आहे. म्हणून बाहेरचे लोक वॅटपेक्षा वॅट प्रति किलोवर भर देतात, आणि तेच बरोबर आहे.

पुढे कोण ओढतंय?

कसाऱ्याहून इगतपुरीला चढणाऱ्या रेल्वेला ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे, म्हणजे २.७ टक्के. तेवढ्यासाठीसुद्धा गाडीला जादा बँकर इंजिनं लावतात आणि इगतपुरीला काढून घेतात. क्लाइंबरचे संघसहकारी हेच काम करतात, फक्त मागून ढकलण्याऐवजी पुढे राहून. एकेक जण पाच-दहा मिनिटं जीव तोडून वेग ठेवतो आणि संपला की बाजूला होतो. चाकामागे बसलेल्याला घाटातही हवेचा काही खर्च वाचतो. ताशी २२ च्या वेगाला १२-१५ वॅट धरा. त्याहून मोठा फायदा म्हणजे वेग एकसारखा राहतो आणि प्रतिस्पर्ध्याला झटका देऊन निसटायला जागा मिळत नाही.

टीव्हीवर बघताना कुणाचे सहकारी पुढे आहेत एवढ्यावर थांबू नका. त्यांचा वेग मध्येच पडला का, ते बघा. चार सहकारी जोरात ओढतायत आणि अचानक पुढचा मागे वळून बघतो, वेग दोन किलोमीटरने उतरतो, तेव्हा बहुतेक वेळा कानातल्या रेडिओवर त्यांच्या नेत्याने ‘हळू’ म्हटलेलं असतं. हल्ला न होताच फॉर्म उघडा पडलेला असतो. समालोचक ते बरेचदा पाच मिनिटं उशिरा सांगतात.

२०२३: दहा सेकंदांची लढत आणि दोन दिवस

योनास विंगेगॉर आणि पोगाचार यांची २०२३ ची टूर हा या विषयाचा उत्तम धडा आहे. पाचव्या टप्प्यावर पिरेनीजमध्ये विंगेगॉर निसटला आणि पोगाचार एकूण वेळेत त्याच्या ५३ सेकंद मागे पडला. निकाल जाहीर: पोगाचार संपला. दुसऱ्याच दिवशी पोगाचारने त्याला घाटात मागे टाकलं, अंतर २५ सेकंदांवर आलं. निकाल उलटला. पुढचे आठ-नऊ दिवस सेकंदांची ओढाताण चालली आणि पंधराव्या टप्प्यानंतर फरक राहिला १० सेकंद. तोवरच्या पुराव्यावरून दोघांचा फॉर्म अगदी तोडीस तोड.

मग विश्रांतीचा दिवस, आणि त्यानंतर कोंब्लूची २२.४ किलोमीटरची टाइम ट्रायल. विंगेगॉरने पोगाचारवर १ मिनिट ३८ सेकंद काढले. दुसऱ्या दिवशी कोल द ला लोझवर पोगाचार पार कोलमडला आणि ५ मिनिटं ४५ सेकंद हरला. शर्यतीचा अंतिम फरक ७ मिनिटं २९ सेकंद. त्यातले ७ मिनिटं २३ सेकंद या दोन दिवसांचे. उरलेल्या एकोणीस टप्प्यांत मिळून दोघांत फक्त सहा सेकंदांचा फरक.

कारण कुठे शोधायचं? एप्रिलच्या शेवटी लियेज–बास्तोन–लियेज शर्यतीत पडून पोगाचारचं मनगटाचं हाड मोडलं होतं. टूर १ जुलैला सुरू झाली. दोन महिन्यांत छोटा, तीव्र जोर परत आणता येतो; पंधरा मिनिटांचा हल्ला जमतो, पहिल्या आठवड्यात तो दिसलाही. पण पाच-सहा तासांच्या राईड, एकापाठोपाठ एक जड आठवडे, यातून येणारा पाया इतक्या लवकर भरत नाही. तो नसला की पंधरा दिवसांनंतर कधीतरी पाय जड होतात. नेमका दिवस कुणी सांगू शकत नाही.

नियमित सराव करणाऱ्यांना हे स्ट्राव्हा या सरावनोंदीच्या अ‍ॅपच्या आलेखात दिसतं. साधारण ४२ दिवसांच्या सरावाची सरासरी म्हणजे फिटनेस, ७ दिवसांची म्हणजे थकवा, आणि पहिल्यातून दुसरा वजा केला की ताजेपणा. शर्यतीच्या पहिल्या दिवशी ताजेपणा जास्त असतो, म्हणून पाया कच्चा असलेलाही चमकतो. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचाच ताजेपणा खड्ड्यात गेलेला असतो आणि तिथे फक्त पाया बोलतो. पहिल्या आठवड्यातल्या घाटावरून भाकीत करणाऱ्याने हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवावं.

२०२५ ची टूर म्हणजे याची उलटी बाजू. त्या वेळी वाईट दिवस विंगेगॉरचे. कां गावच्या ३३ किलोमीटरच्या सपाट टाइम ट्रायलमध्ये तो पोगाचारपेक्षा १ मिनिट ५ सेकंद मागे राहिला आणि ओताकामच्या घाटावर २ मिनिटं १० सेकंद. बेरीज ३ मिनिटं १५ सेकंद. अंतिम फरक ४ मिनिटं २४ सेकंद. ओताकामच्या दुसऱ्या दिवशी पेराग्यूदची चढाची टाइम ट्रायल झाली, तिथे फरक फक्त ३६ सेकंदांचा. मों व्हांतूच्या घाटावर तर दोघं जवळजवळ बरोबरच आले. ओताकामच्या रात्री ‘विंगेगॉर संपला’ लिहिणाऱ्यांना आठवड्याभरात शब्द गिळावे लागले. तरी शर्यत त्याच्या हातातून गेलीच होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि चाहत्यांना नेमकं हेच पचत नाही.

२०२४ चं प्लातो द बेय इथे पुन्हा बघण्यासारखं आहे. एप्रिलमध्ये बास्क प्रांतातल्या शर्यतीत विंगेगॉर भयानक पडला होता: फुप्फुसाला इजा, गळ्याचं हाड आणि बरगड्या मोडलेल्या. त्या घाटात साडेदहा किलोमीटर बाकी असताना हल्ला त्यानेच केला. पाच-साडेपाच किलोमीटर उरले तेव्हा पोगाचार त्याला सोडून गेला आणि शेवटी १ मिनिट ८ सेकंदांनी जिंकला. पण हरलेल्या विंगेगॉरची वेळसुद्धा मार्को पंतानीच्या १९९८ च्या विक्रमापेक्षा दोन मिनिटांहून जास्त चांगली होती. म्हणजे स्वतःच्या मापाने बहुधा आयुष्यातला उत्तम दिवस, निकालात मात्र पराभव. क्रमांक बघून त्याला ‘फॉर्मात नाही’ म्हणणं सरळ चूक.

वेळ गेली, पण पायांमुळे नाही

काही वेळा मिनिटांचा फरक पायांतून येतच नाही. २०२५ च्या जिरोचा विसावा टप्पा घ्या. गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण आघाडी, इसाक देल तोरोकडे, रिचर्ड कारापाझ ४३ सेकंद मागे, सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे या १८ किलोमीटरच्या, वरचा भाग कच्च्या रस्त्याचा असलेल्या घाटात येट्स निसटला. मागे देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडे बघत राहिले: तू ओढ, नाही तू ओढ. माथ्यावर येट्सची आघाडी दोन मिनिटांपेक्षा कमीच होती. उतारानंतर मात्र त्याला संघसहकारी वाउट व्हान आर्ट भेटला. संघाने व्हान आर्टला सकाळच्या ब्रेकअवेत, म्हणजे घोळक्यातून आधीच निसटलेल्या टोळीत, पुढे पाठवलं होतं ते यासाठीच. खोऱ्यातल्या सपाट रस्त्यावर त्याने येट्सला ओढलं, मागच्या दोघांचं सहकार्य तुटलं आणि सेस्त्रिएरेला पोचेपर्यंत देल तोरो पाच मिनिटांहून जास्त मागे पडला. येट्सने जिरो ३ मिनिटं ५६ सेकंदांनी जिंकली.

या पाच मिनिटांवरून देल तोरोचे पाय संपले होते असं कुणी म्हणालं तर माथ्यावरचा फरक विचारा. घाटाच्या माथ्यावरचा फरक पायांबद्दल बोलतो. उतार आणि सपाटीनंतरचा फरक डावपेचांबद्दल. जिथे शेवट माथ्यावर नसतो तिथे दोन्ही वेगळे लिहून ठेवायची सवय लावा.

याच फिनेस्त्रेवर २०१८ मध्ये येट्स गुलाबी जर्सीत असताना कोसळला होता. क्रिस फ्रूम तिथून ८० किलोमीटर एकटा गेला आणि येट्सने त्या दिवशी ३८ मिनिटं गमावली. तोवर त्याने तीन टप्पे जिंकले होते, आणि घाटाघाटात एवढा जोर लावण्याची गरज होती का, ही चर्चा तेव्हापासून आहे. आमचं मत: नव्हती.

जूनमधल्या शर्यतींबद्दल थोडक्यात. दोफिने ही आठ टप्प्यांची शर्यत टूरची रंगीत तालीम मानतात, पण २०२४ मध्ये ती जिंकलेला प्रिमोझ रोग्लिच टूरमध्ये पडून बाराव्या टप्प्यानंतर घरी गेला, आणि दोफिनेच्या घाटांत मागे पडत सातवा आलेला रेम्को एवेनेपूल टूरमध्ये तिसरा आला. एवेनेपूलही एप्रिलच्या त्याच बास्क अपघातातून सावरत होता, त्याचा आलेख वर चालला होता. जूनमध्ये क्रमांक बघण्यापेक्षा दिशा बघा: पहिल्या घाटापेक्षा शेवटचा बरा गेला की वाईट?

ठिपक्यांच्या जर्सीवरून तर फॉर्म ठरवूच नका. ती माथ्यावर आधी पोचण्याच्या गुणांवर मिळते. सकाळीच ब्रेकअवेत निसटून गुण गोळा करता येतात. २०२४ मध्ये ती कारापाझने जिंकली आणि एकूण क्रमवारीत तो सतरावा होता.

खाणं आणि शेवटचा घाट

मोठ्या डोंगरी टप्प्यावर रायडर ४,००० ते ५,००० किलोज्यूल काम करतो. शरीराची कार्यक्षमता पाव भागाच्या आसपास असल्याने एक किलोज्यूल कामाला साधारण एक किलोकॅलरी जळते, म्हणजे हिशेब सोपा: ४,५०० किलोकॅलरी. स्नायू आणि यकृतात साठलेली साखर मिळून २,००० च्या आसपास. चरबी आहे, पण घाटातल्या तीव्रतेला ती पुरेशा वेगाने जळत नाही. राहिलेलं सगळं चालत्या सायकलवर खायचं.

पूर्वी तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं ही मर्यादा मानत, कारण आतड्यातून ग्लुकोज त्याहून वेगाने शोषलं जात नाही. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने आत जातं. दोन्ही मिसळली की ९० ग्रॅम, आणि पोटाला महिनोन्‌महिने सवय लावली तर १२० ग्रॅमपर्यंत जाता येतं. केळ्यांत मोजायचं तर तासाला चार-पाच. हल्लीच्या घाटांच्या वेळा सुधारल्या त्यात याचा वाटा मोठा आहे, विशेषतः टप्प्यातल्या शेवटच्या घाटावर.

बिघडतं कुठे? उष्म्यात रक्त कातडीकडे वळतं आणि पोट काम थांबवतं. थंडीत, पावसात बोटं बधिर होऊन पाकीट फुटत नाही. उतारावर खायचं राहतं. खाद्यपिशवी घ्यायच्या जागी धक्काबुक्की होते आणि हातातून निसटते. अशी वीस मिनिटांची चूक दीड तासाने घाटात वसूल होते, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं की फॉर्मच गेला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस ठणठणीत असेल तर कारण खाणं. दोन-तीन दिवस तसाच ओढत राहिला तर आजार किंवा साठलेला थकवा.

म्हणून जाणकार ताज्या पायांच्या आकड्याला फार भाव देत नाहीत. तासाभराच्या सरावानंतर २० मिनिटं ६.५ वॅट प्रति किलो देणारे बरेच निघतील. तीन हजार किलोज्यूल जाळून झाल्यावर, चौथ्या घाटात, तेच देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

डोळ्यांनी बघायच्या खुणाही आहेत. रायडरचा उजवा गुडघा १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा: पेडलचा वेग मिळाला. घाटात ८५ ते ९५ असतो. चढ तोच असताना तो ७० वर आला, गिअर बदलूनही वाढला नाही, तर पाय गेले. खांदे डोलायला लागणं, सीटच्या अगदी टोकाशी सरकणं, पुढच्या चाकापासून मीटरभर अंतर पडणं आणि ते भरायला दर वेळी उभं राहावं लागणं, या सगळ्या वाईट खुणा. जर्सीची चेन उघडी असणं किंवा तोंड वासलेलं असणं काही सांगत नाही. उन्हात सगळेच तसे दिसतात. आणि पडद्यावरचे ‘१० सेकंद’ म्हणजे घाटात फक्त साठेक मीटर. सपाटीवर सव्वाशे.

विक्रमांच्या वेळा बघून उत्तेजकांचा संशय येणारच. १९९८ म्हणजे फेस्तिना संघाच्या उत्तेजक प्रकरणाचा उन्हाळा. लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली. त्या काळच्या वेळा आज मोडल्या जातायत म्हटल्यावर प्रश्न विचारणं रास्त आहे. पण रुंद ट्यूबलेस टायर, तंग कपडे, तासाला १२० ग्रॅम साखर, आणि पायथ्यापासून पूर्ण वेगाने ओढणारे संघ हे सगळं तेव्हा आजच्याइतकं नव्हतं. एका घाटाच्या वेळेवरून कुणाला दोषी ठरवता येत नाही, आणि निर्दोषही नाही.

स्वतःचा आकडा काढून बघायचा असेल तर नांदुरीहून सप्तशृंगी गडाची चढण नाशिककरांना सोयीची: लांब, फारसा उतार न लागणारी. छोटे चढ यासाठी निरुपयोगी. पाच मिनिटांच्या आतला प्रयत्न बराचसा साठवलेल्या जोरावर निघतो आणि आकडा फुगतो. निदान वीस मिनिटांचा चढ हवा. पायथा आणि माथा म्हणून कायमच्या दोन खुणा ठरवा, एखादा किलोमीटरचा दगड किंवा कमान, आणि दर वेळी त्याच धरा. उंची नकाशावरून घ्या. सायकल कॉम्प्युटर हवेच्या दाबावरून उंची मोजतो आणि पावसात त्याच्या बारीक छिद्रात पाणी गेलं की आकडा भलतीकडे जातो. लांबी आणि उंचीवरून सरासरी चढ काढा. तो ६ टक्क्यांच्या खाली आला तर वरचा ठोकताळा लावू नका, नुसती वेळ मागच्या वेळेशी ताडून बघा. पहाटे जा, कारण उजाडल्यावर एसटी आणि जीपच्या मागे वळणावर थांबावं लागलं की प्रयत्न फुकट. चैत्र आणि नवरात्राच्या यात्रेत त्या रस्त्यावर जाऊच नका.